मनोरचा समुद्र

भूगोल या शास्त्राला आमच्या मामेसासऱ्यांच्या रूपाने एक महान अभ्यासक लाभला आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. पालघर जिल्ह्याबाहेर ते एकदाच गेले, वापीला, लग्नाला. पण डहाणूपासून केळव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरचा कुठलाही फोटो त्यांच्यापुढे धरा. ते गाव सांगतात, आळी सांगतात आणि त्या दिवशी वारा कुठला होता तेही सांगतात. फोटोतल्या माणसांकडे मात्र ते बघत नाहीत. आमच्या लग्नाचा अल्बम चाळताना म्हणाले, "पोरगी मधे उभी हाय, मागचा ताड दिसत नाय." ती पोरगी त्यांची सख्खी भाची होती. भिंतीला खार किती चढलाय, होडीला रंग कुठला, बोंबील वाळवायच्या बांबूंना गाठ कशी मारलीय, एवढ्यावर त्यांचा निकाल लागतो. त्यांच्या एका पुतण्याने पुण्याला कामाला आलोय म्हणून जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवला, तर मामांनी ताटाखालची फरशी पाहून तो मनोरच्या कुठल्या ढाब्यावर बसलाय ते घरच्या ग्रुपवर जाहीर केलं. शिवाय ताटं दोन आहेत, हेही. पुतण्याचा साखरपुडा लांबला. "खोटं कशाला बोलला?" एवढंच मामा म्हणाले.

पुढे मोबाइललाही ही विद्या येऊ लागली. मी मामांना करून दाखवली. फोटो घातला, मोबाइलने क्षणात तारापूरच्या बाजूचा किनारा म्हणून सांगितलं. मामांनी वाट पाहिली. "आळी नाय सांगितली," ते समाधानाने म्हणाले. "त्याला अजून लय शिकायचं हाय, जावय."

गेल्या हिवाळ्यात आम्ही बोईसरच्या नाक्यावर चहा पीत होतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आला. "फोटो ओळखणारे काका तुम्हीच ना?" त्याने फार नम्रपणे मोबाइल पुढे केला. सात-आठ वर्षांची मुलगी, वाढदिवसाचा केक, मागे वाळणारे बोंबील. "माझी मुलगी आहे. बायको हिला घेऊन निघून आली. मेव्हणीने स्टेटसला ठेवलेला हा फोटो मिळाला. मोबाइल तारापूरच्या आसपास म्हणतो. पुढचं तुम्ही सांगा."

मुलीला मी ओळखलं. मामांच्या गावात, घिवलीत, त्यांनी भाड्याने दिलेल्या शेजारच्या खोलीत तिची आई शिवणकाम करते. आई गावात आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. मामांनी नेहमीप्रमाणे मुलीकडे पाहिलं नसणार, बांबूंकडेच पाहिलं असणार. आणि ते बांबू त्यांनी स्वतः बांधले होते. चाळीस वर्षांत त्यांना कधी उत्तर गिळता आलेलं मी ऐकलं नव्हतं. मी बाकाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

मामांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "मनोर," ते म्हणाले.

टपरीवाला हसून हसून वाकला. मनोर महामार्गावरचं बाजारगाव; तिथून समुद्र दिसायला विमानात बसावं लागेल. "मामा, मनोरला समुद्र कधी आला? अवो, हे तर आपल्याच बाजूचं—"

"तू गप रे!" मामा ओरडले. "चहा उकळ! बाजारात इकायला नेतात, ते तिकडंच सुकवतात. मला शिकवतो?"

"म्हातारा गेला कामातून," बाकावरून कुणीतरी म्हणालं. मामांनी तेही ऐकून घेतलं. त्या माणसाने मामांकडे पाहिलं, हसणाऱ्यांकडे पाहिलं, आभार मानले आणि मोटारसायकल चालू केली. तो मनोरला गेला की पुढच्या टपरीवर विचारायला, ते गर्दीत दिसलं नाही.

घिवलीपर्यंत रिक्षातून मामा सारखे मागे बघत होते. "जावय, तो मोबाइल आळी शिकेल काय हो?"

"शिकेल," मी म्हणालो.

त्या बाईने तासाभरात सामान बांधलं. कुठे जाणार ते ती सांगायला लागली, तर मामांनी कानांवर हात ठेवले. "मला नको सांगू, पोरी. मी लय बोलतो."

तिचं पुढे काय झालं, आम्हाला माहीत नाही. माहीत नाही तेच बरं, असं मामा म्हणतात, पण ती शिवणयंत्राची खोली अजून त्यांनी दुसऱ्या कुणाला भाड्याने दिलेली नाही. फोटो ओळखणं त्यांनी सोडलं. नाक्यावर आता ते काम टपरीवाला करतो. परवा त्याने एका घराचा फोटो पाहून छातीठोकपणे 'डहाणू' म्हणून सांगितलं आणि मामांचं मत विचारलं.

"असेल," मामा म्हणाले.

घर मामांचं होतं. दारात पाठमोरे मामाच उभे होते.