अर्धा सूर खाली

रेकॉर्ड प्लेअरच्या दुकानात बसणाऱ्याला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. सुईवर धूळ बसते तसे ते आपोआप जमतात. धूळ निदान फुंकरीनं जाते, हे काही जात नाहीत.

औरंगाबादच्या शहागंजात सलीमभाईंचं दुकान होतं. लग्नाकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे आणि रेकॉर्ड प्लेअरची दुरुस्ती. मी त्यांचा मेकॅनिक. मला खोड अशी, की धड चालणारी मशीनसुद्धा उघडून बघायची. सलीमभाई कपाळाला हात लावायचे. "मियाँ, चलती मशीन कू कायकू छेडते?"

*

पडेगावचे एक पाटील एकदा स्पीकरच्या मागं वाकून बघत होते. गाणं नेमकं कुठं असतं, हे त्यांना बघायचं होतं. मला असली माणसं लई आवडतात. मी स्पीकरची वायरच काढली आणि त्यांना सुईजवळ कान न्यायला लावला. सुई नुसती तबकडीवर घासत होती आणि तिथूनच बारीक आवाजात बाई गात होती!

मग मी सांगितलं, की खाचेत आवाजाचं नागमोडी वळण कोरलेलं असतं, त्यावरून जाताना सुई थरथरते, त्या थरथरीची वीज होते आणि स्पीकर तिचा पुन्हा मोठा आवाज करतो. पाटलांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे बाई हितंच गाती," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं तिला वरडायला लावता व्हय!"

*

खुलताबादच्या एका लग्नात पोरं अशी नाचली की टेबल हादरून सुई उड्या मारायला लागली. सलीमभाईंनी खिशातली चवन्नी काढून सुईच्या डोक्यावर ठेवली. वजन पडलं, सुई गुमान चालायला लागली.

नवरीच्या आजीनं ते बघितलं. तिला वाटलं, गाणाऱ्या बाईची ओवाळणी चाललीय. तिनं कनवटीचा रुपया काढून चवन्नीवर ठेवला. मग मामी आली, तिच्यामागं मावशी. सुई तबकडीत रुतायची वेळ आली तरी रांग संपेना. शेवटी सलीमभाईंनी हात जोडले. "अम्मा, बस करो. बाई का गला बैठ जाएंगा."

*

आमच्या दुकानात शहरातले बँडवालेही यायचे, गाणी उचलायला. नोटेशन कुणाला येत होतं? जलद तुकडा असला की मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीसच्या स्पीडवर लावायची. गाणारा जांभया देत गातोय असं वाटायचं, पण एकेक सूर सुटा ऐकू यायचा.

त्यातला क्लॅरिनेटवाला बाबुराव माझा दोस्त. घरी मेंढरं. रानात पावा वाजवता वाजवता कान तयार झालेला. आमच्या मशीनवर त्यानं आठ गाणी अशी बसवली, की ऐकताना मला अभिमान वाटायचा. आता का वाटायचा ते विचारू नका, वाजवत तर तो होता.

*

एक दिवस पेटी शिकवणारे एक गुरुजी सुया घ्यायला आले. मशीनवर गाणं चालू होतं. त्यांनी जवळची पेटी उघडली, एक पट्टी दाबली आणि म्हणाले, "तुमची मशीन अर्धा सूर खाली वाजते."

मी उघडून बघितलं. तबकडी फिरवणारं रबरी चाक गुळगुळीत होऊन घसरत होतं. स्पीड कमी, म्हणून सूरही खाली. आणि अख्ख्या शहराचे बँड त्याच मशीनवर शिकलेले! सगळेच सारखे खाली, म्हणून कुणाला पत्ताच नाही. आम्ही पोट धरून हसलो.

बाबुराव हसला नाही. रविवारी जालन्याच्या मोठ्या बँडात त्याची परीक्षा होती. तिथले मास्तर रेकॉर्ड लावायचे आणि वाजवणाऱ्यानं तिच्याबरोबर वाजवायचं. जमलं तर कायमची नोकरी, नाही तर पुन्हा भावाच्या मेंढरांमागं. क्लॅरिनेटवर अर्धा सूर वर जायचं म्हणजे सगळी बोटं नव्यानं बसवायची. आणि हातात तीन दिवस.

मी म्हटलं, चाक आत्ता बदलतो, लाग तयारीला. त्यानं माझा हात धरला.

"चाक बदलशील रे. बोटं कोण बदलील?"



*

रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. मास्तर पिळदार मिशांचे, कडक. त्यांनी रेकॉर्ड लावली. त्यांची मशीन नवी, एकदम बरोबर स्पीडची. बाबुरावनं पहिलाच सूर लावला आणि खोलीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

मास्तर काही बोलायच्या आत बाबुराव उठला. फिरत्या चकतीच्या कडेला त्यानं एक बोट हलकेच टेकवलं. गाणं जडावलं, खाली आलं. कान लावून त्यानं दाब कमीजास्त केला आणि नेमका आपला सूर आला तिथं थांबला.

"मास्तर, मला दोन्ही हात लागत्यात," तो म्हणाला. "जरा इथं असंच बोट टेकवून धरा."

काय वाटलं कोण जाणे, मास्तरांनी आपलं बोट टेकवलं! बाबुराव वाजवायला लागला. पहिलं गाणं संपलं तेव्हा मास्तरांचे डोळे मिटलेले होते.

"सोमवारपासून ये," ते म्हणाले. मग बोटाकडं बघून विचारलं, "काढू का आता?"

"सात राहिलीत, मास्तर."