उंबऱ्याबाहेरचे शब्द

ट्रायफीनाने लग्नाआधी सेल्बी हौन्सेलला एकच अट घातली होती. बर्फावरचं बोलणं घरात आणायचं नाही. तिचा भाऊ ईलायल सीलच्या शिकारीला गेला, तो परत आलाच नाही. सेल्बी त्याच टोळीत होता. तिने कधी काही विचारलं नाही आणि त्याने कधी काही सांगितलं नाही.

आमच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर अशी अट पाळणं सोपं नव्हतं. इथे सीलला स्वाईल म्हणतात. तरंगत्या बर्फाच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाणं म्हणजे कॉपी करणं. बर्फाचा लगदा म्हणजे स्लॉब. माणसांचं निम्मं बोलणं बर्फावरूनच आलेलं. सेल्बी हे शब्द धक्क्यावर खुशाल वापरायचा आणि दारात बूट काढताना गिळून टाकायचा. मी त्यांची शेजारीण. त्या घरात मी त्यातला एकही शब्द कधी ऐकला नाही.

म्हातारपणी लाकडं फोडता फोडता तो कोसळला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. आयडेला नावाची त्यांची मुलगी सेंट जॉन्स शहरातून आली. ती रोज त्याच्यापुढे चित्रं धरायची.

"बाबा, हा कप. म्हणा, कप."

तो खिडकीबाहेर बघत बसायचा.

एकदा ट्रायफीनाने ओटची पेज पुढे ठेवली. पातळ, गुठळ्या झालेली. त्याने चमचा फिरवला आणि स्वच्छ म्हणाला, "स्लॉब!"

आयडेला टाळ्या पिटायला लागली. ट्रायफीनाचा चेहरा मात्र पडला. ते पाहून सेल्बीने डावा हात तोंडावर दाबून धरला. त्यानंतर तो पुन्हा मुका झाला. शब्द ओठांशी आलेला दिसायचा आणि तो तोंड मिटायचा.

"आई, बाबांना तेवढंच येतंय," आयडेला म्हणाली.

"त्या बर्फाने माझा भाऊ खाल्ला."

"म्हणून आता बाबांना मुकं ठेवणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी ट्रायफीना माझ्याकडे आली. माझा नवराही शिकारीला जायचा.

"ऑलिव्ह, ती भाकरतुकड्याची पिशवी न्यायचे ना बर्फावर, तिला काय म्हणायचे गं?"

"ननी-बॅग."

"शी! हा काय शब्द झाला!"

"विचारायला तूच आलीस ना? मग नाक कशाला मुरडतेस?"

दुपारी तिने सेल्बीपुढे पाव आणि चहा ठेवला. "घे म्हाताऱ्या, तुझी ननी-बॅग," ती म्हणाली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग अर्ध्या तोंडाने हसला.

तेव्हापासून त्यांचं बोलणं सुरू झालं. पायरी निसरडी असली की तो "कॉपी" म्हणून तिला सावध करायचा. चुकीचा शब्द निघाला तर तीच दुरुस्त करायची.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे लोकर गुंडाळत बसले होते. ट्रायफीनाने विणकाम खाली ठेवलं.

"सेल्बी, ईलायलचं काय झालं?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "कॉपी." थोड्या वेळाने, "स्वॉच." स्वॉच म्हणजे बर्फातलं उघड्या पाण्याचं भोक. मग "गॅफ" म्हणत त्याने आपली काठी उचलली. गॅफ म्हणजे आकडी लावलेला लांब दांडा. तो टेबलावर छाती टेकून पालथा पडला आणि डाव्या हाताने काठी पुढे पुढे सरकवत राहिला. टोक तिच्यापासून वीतभर अलीकडे थांबलं.

"गॅफ त्याच्यापर्यंत पोचला नाही?" तिने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने ते टोक धरलं आणि म्हणाली, "ऊठ आता. छाती दुखेल."

त्यानंतर सेल्बी काही हिवाळे जगला. हळूहळू 'चहा' आला, 'दार' आलं, आयडेलाचं नावही आलं. ट्रायफीनाचं नाव मात्र जिभेवर आलं नाही. तिला तो बेडलॅमर म्हणायचा. धड पिल्लू नाही, धड मोठा नाही अशा सीलला बेडलॅमर म्हणतात, आणि गावातल्या अल्लड पोरांनाही. चर्चबाहेर त्याने तशी हाक मारली की लोक फिदीफिदी हसायचे.

"या वयात मला अल्लड म्हणणारा दुसरा कोण आहे?" ती म्हणायची. "म्हणू दे."

आणि त्याचा हात धरून सावकाश उतार उतरू लागायची.