उघडा चावा

माझा अपमान तो मराठीत करायचा. वर्गात आम्ही चौदा डेंटिस्ट होतो. इजिप्तचे, सीरियाचे, केरळचे, एक फिलिपिनो, आणि मराठी समजणारी मी एकटी. तो शिकवायचा इंग्रजीत, आणि उत्तम शिकवायचा. मध्येच माझ्या टेबलापाशी थांबून, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, हलक्या आवाजात काहीतरी बोलायचा. बाकीच्यांना वाटायचं, आपल्याकडचं माणूस भेटलं म्हणून प्रेमाने बोलतोय. केरळची डॉक्टर मला एकदा म्हणाली, "यू आर लकी. सर तुझ्याशी घरच्यासारखं बोलतात."

पहिल्या महिन्यातलं एक वाक्य मला शब्द न शब्द आठवतं. सरळ तारेला ठरावीक वळणं देऊन ती दातांच्या कमानीवर बसवायची, असा सराव होता. माझी तार टेबलावर ठेवली की एका बाजूने वर उचलली जायची. त्याने ती दोन बोटांत धरली, उजेडात फिरवली आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या कॉलेजात दातांवर शिकवायचे की नारळावर?"

मी रत्नागिरीची. माझ्या मराठीवरून त्याने ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तो पुण्याचा, पुढे परदेशात शिकलेला, इथे आखातात मरीनाच्या महागड्या वस्तीत स्वतःचं क्लिनिक असलेला. आता मी त्याला 'तो' म्हणते आहे. तेव्हा तोंडावर 'सर' म्हणायचे.

मी त्याच शहरात अल क्वोजमधल्या, गोदामांच्या भागातल्या, एका छोट्या क्लिनिकमध्ये नोकरी करते. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. येणारे बहुतेक वेअरहाउसमधले, वर्कशॉपमधले. दात काढा, भरा, गोळी द्या, उद्या ड्युटी आहे. वाकडा जबडा, न जुळणारा चावा घेऊन कुणी आलं की मी मोठ्या हॉस्पिटलचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि मला माहीत असायचं की ते जाणार नाहीत. त्याचा मला कंटाळा आला होता. म्हणून जबड्याच्या आणि चाव्याच्या उपचारांचा हा पुढचा कोर्स धरला. महिन्यातला एक शनिवार-रविवार, दीड वर्ष, मरीनातल्या एका टॉवरच्या तेविसाव्या मजल्यावर. फी सांगितली तेव्हा नवरा दिरहमचे रुपये करायला लागला आणि मध्येच थांबला. "जाऊ दे," तो म्हणाला. "शिक."

मी काही सोशिक बाई नाही. नारळाच्या वाक्यानंतर मी महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत तारा वाकवल्या. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या. पुढच्या वेळी माझी तार टेबलावर काचेसारखी सपाट बसली. त्याने ती पाहिली आणि पुढच्या टेबलाकडे गेला. तेव्हापासून मीही त्याच्या चुकांवर टपून बसले. स्लाइडवर उजवं-डावं उलटं झालं की हात वर करायचे. तो उशिरा आला की कोऑर्डिनेटरला मेल टाकायचे. एकदा त्याने एका एक्स-रेवरचं माप चुकीचं वाचलं, ते मी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. तो "थँक यू, डॉक्टर" म्हणाला आणि ब्रेकमध्ये कॉफी मशीनपाशी माझ्या शेजारी येऊन मराठीत म्हणाला, "हुशारी दाखवायला पेशंट लागतात हो. ते आहेत का तुमच्याकडे?"

पेशंट आली, ती कोर्सच्या अकराव्या महिन्यात.

तेवीस वर्षांची मुलगी, रायगडकडची, आमच्याच कोकणी मुसलमान जमातीतली. क्लिनिकच्या मागच्या गल्लीत हॉटेलवाल्यांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये शिलाईवर होती. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आपा, माझ्याशी पुढच्या दातांनी धागा तुटत नाही."

"कधीपासून?"

"पहले तुटायचा. आता दात लागतच नाहीत. बाकीच्या बायका हसतात."

मी तिला दाढा मिटायला सांगितल्या. मागच्या दाढा टेकल्या आणि पुढे वरच्या-खालच्या दातांमध्ये फट राहिली, पेन्सिल सहज आत जाईल एवढी. याला आम्ही उघडा चावा म्हणतो. मी फोटो काढले, साचे घेतले, एक्स-रे काढून आणला आणि कोर्सच्या पुढच्या शनिवारी केस वर्गात मांडली.

त्याने सगळं नीट पाहिलं. मग वर्गाला म्हणाला, "हीच केस मला हवी होती." वरच्या जबड्याच्या हाडात मागे छोटे स्क्रू बसवायचे, त्यांच्या आधाराने दाढा वर दाबायच्या, की खालचा जबडा वर फिरतो आणि पुढची फट मिटते. पुढच्या महिन्यात तो हे सगळ्यांसमोर करून दाखवणार होता. बाहेरूनही डॉक्टर बघायला येणार होते. मुलीचे उपचार पूर्ण फुकट. "एक्सलंट रेकॉर्ड्स," तो मला म्हणाला. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मला बरं वाटलं, हे लपवत नाही. त्या रात्री घरी मी ते वाक्य नवऱ्याला दोनदा सांगितलं. ज्या माणसाचा राग राग करत होते, त्याच्या एका शब्दाने मी खूश झाले, याची लाज मला पुढे बरेच दिवस वाटत राहिली.

डेमोच्या आठवड्यात मुलगी संमतीच्या फॉर्मवर सही करायला आली. तिचं ओळखपत्र स्कॅन करायला घेतलं आणि माझी नजर फोटोवर अडली. त्यात ओठ कसे सहज मिटले होते. समोर बसलेल्या मुलीला ओठ मिटायला जोर लावावा लागत होता, हनुवटीवर बारीक खड्डे पडत होते.

"हा फोटो कधीचा?"

"दीड-दोन साल झाले. रिन्यूचा."

मी तिच्या मोबाइलमधले जुने फोटो मागितले. चुलत बहिणीच्या लग्नातला एक बाजूने काढलेला होता, ती इथे यायच्या आधीचा. त्यात हनुवटी ठळक होती. मग इथला ईदचा, मग मागच्या वर्षीचा. हनुवटी दर फोटोत थोडी मागे गेलेली. मी तिच्या कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला सांगितलं. डाव्या बाजूला वाळू घासल्यासारखं लागलं. सकाळी दुखतं का, विचारलं. "दुखतं ना. सगळ्यांचं दुखतं, आपा. दिवसभर मान खाली."

तिचा चावा दातांमध्ये जीभ दाबायच्या सवयीमुळे उघडला नसावा. कानापुढच्या सांध्यात जबड्याच्या हाडाचा जो गोल शेंडा असतो, तोच झिजत असावा, आणि जबडा खाली-मागे सरकत असावा. असं असेल तर स्क्रूंनी फट मिटेल आणि हाड झिजत राहिलं तर पुन्हा उघडेल. हे मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी विचारलं नव्हतं. त्यानेही नव्हतं.

शनिवारी सकाळी मी लवकर जाऊन त्याला गाठलं. तो प्रोजेक्टर जोडत होता. मी फोटो दाखवले. त्याने माझा मोबाइल हातातही घेतला नाही.

"लग्नातल्या फोटोवरून डायग्नोसिस?"

"म्हणूनच म्हणते, सर, आधी सांध्याचा थ्री-डी स्कॅन करू. रक्ताच्या टेस्ट करू. डेमो पुढच्या महिन्यात घ्या."

"बाहेरून लोक आलेत. तिला आत पाठवा."

"ती आली नाही. मीच येऊ नको म्हटलं."

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तुम्हाला केस समजली नाही म्हणून तुम्ही घाबरलात," तो मराठीत म्हणाला. "पुढे जाण्याची लायकी नसलेली माणसं नेहमी पेशंटच्या काळजीचं निमित्त काढतात."

तोवर हॉल भरला होता. तो माइक घेऊन हसत म्हणाला, डेमो रद्द करावा लागतो आहे, कारण आपल्या डॉक्टरांना पेशंट आणता आली नाही. लोक हसले. मी उठले. इंग्रजीत म्हणाले, पेशंट मी थांबवली आहे, आणि का ते सांगते. लग्नातला फोटो, ईदचा, मागच्या वर्षीचा, सगळे मी स्क्रीनवर लावले, मुलीचे डोळे पट्टीने झाकून. इजिप्तचे एक वयस्क डॉक्टर पुढे झुकले. "सांध्याचा स्कॅन केलाय?" त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, या टप्प्यावर गरज वाटली नाही. ते मागे टेकले.

इथे मी बसायला हवं होतं. माझं काम झालं होतं. पण मी म्हणाले, "आणि सर माझ्याशी मराठीत काय बोलतात, तेही तुम्हाला सांगते." मग एकेक वाक्य इंग्रजी करून सांगितलं. नारळाचं, पेशंटचं, आणि दहा मिनिटांपूर्वीचं लायकीचं. केरळच्या डॉक्टरने मान खाली घातली. तो म्हणाला, "इट वॉज अ जोक." कुणी हसलं नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या, आणि ते पाहून मला जे सुख झालं, त्यात मुलीच्या काळजीचा अंशही नव्हता.

स्कॅनची खटपट मी केली. एका ओळखीच्या सेंटरवाल्याने सोय करून दिली. डाव्या सांध्याचा शेंडा चपटा झालेला, उजवाही झिजू लागलेला. हॉस्पिटलच्या सर्जनने सांगितलं, आता दातांना हात लावू नका. वर्षभर तरी थांबा, सांधा शांत होऊ दे, रात्री दातांवर प्लास्टिकची प्लेट लावा, मग बघू.

मी मुलीला बोलावून हे सांगितलं. मला वाटलं होतं ती आभार मानेल. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे फट मिटणार नाही."

"आत्ता नाही."

"माझं लग्न ठरलंय, आपा. आठ महिन्यांवर. ते फुकट करत होते."

"केलं असतं तर पुन्हा उघडलं असतं."

"ते तुम्ही म्हणता. तुमच्याच क्लिनिकवरनं वर्कशॉपमध्ये समद्यांना मालूम झालंय, तुमचं त्यांच्याशी वाजलंय म्हणून. तुमच्या भांडणात माझं तोंड उघडं राहिलं. खलास." ती उठली. मी बनवलेल्या प्लेटची डबी तिने टेबलावरच ठेवली.

ती त्याच्याकडे गेली, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. कुठून तरी नंबर मिळवून सरळ त्याच्या मरीनातल्या क्लिनिकवर गेली होती. मला खात्री होती की तो माझ्यावर सूड म्हणून स्क्रू बसवणार. मी रागाने तिला फोन केला.

"नाही बसवले," ती म्हणाली. "स्कॅन बघून त्यांनीपण थांबायलाच सांगितलं."

"मग? मी तेच सांगत होते."

"हो. पण त्यांनी नीट समजावलं. प्लास्टरचा जबडा हातात दिला, हाड कुठं झिजतं ते दाखवलं. पाऊण तास बसले माझ्याजवळ. मराठीत बोलले. लग्नाच्या फोटोंत कसं हसायचं, तेपण सांगितलं." मग ती म्हणाली, "तुमचं नाव नाही काढलं त्यांनी."

मी फोन ठेवला. मी तिला किती मिनिटं दिली होती? बाहेर सहाजण थांबले होते, मी उभ्या उभ्या सांगितलं होतं. हे आठवून त्याच्याबद्दल माझं मन काही मऊ झालं नाही. उलट राग वाढला. माझं म्हणणं बरोबर असून मी ती मुलगी गमावली होती, आणि ज्याने चूक केली होती तो तिच्याशी माझ्यापेक्षा चांगला वागला होता. हे त्याने मला दाखवून द्यायला केलं की खरंच तिच्यासाठी, मला आजही ठरवता येत नाही.

कोर्सचे उरलेले महिने मी पूर्ण केले. तो माझ्या टेबलापाशी थांबेनासा झाला. माझ्या शेवटच्या केसेस त्यानेच तपासायच्या होत्या. मी नापास होण्याची तयारी ठेवली होती, तक्रारीचा मेलसुद्धा लिहून ठेवला होता. त्याने पास केलं. शेऱ्यात लिहिलं होतं: तारकाम उत्तम, निदान बरं, पेशंटशी संवाद कच्चा. ते तिसरं वाचून मी कागद फाडणार होते. नवरा म्हणाला, "फाडू नको, पास झाल्याचा कागद आहे, फ्रेमच्या दुकानात न्यायचाय ना?" मी नेला नाही.

आता त्याला दोन वर्षं होऊन गेली. मी आमच्या क्लिनिकवर तारा लावते, सोप्या केसेस. सांध्याची शंका आली की थांबते, आणि आता खुर्ची ओढून समोर बसून सांगते. मागच्या महिन्यात ती मुलगी आली, खोलीत सोबत राहणाऱ्या एका बाईला घेऊन. बाईची अक्कलदाढ सुजली होती. मुलीचं लग्न होऊन नवरा गावी, ही परत इथे कामावर. हिच्या दातांवर तार होती, व्यवस्थित बसवलेली. सांध्याची झीज थांबली असणार, त्याशिवाय त्याने तार लावली नसती. फट निम्म्याहून कमी झालेली मला लांबूनच दिसली.

"बघू का जरा?" मी विचारलं.

"आज नको, आपा," ती म्हणाली. "तिकडं मरीनात गुरुवारी दाखवायचंय." आवाजात राग नव्हता. आपल्या डॉक्टरकडे जाणारं माणूस दुसऱ्या डॉक्टरला सांगतं, तसं तिने सांगितलं.

मी हातमोजे घातले आणि तिच्या मैत्रिणीला आत घेतलं.