गाड्यांपुढे वाकणारा होरिबे

होरिबे गाड्यांपुढे वाकायचा. भाजी आणायला निघालेला असो की कुणाच्या अंत्यविधीला, रस्त्याकडेला फिक्या निळ्या रंगाची हिबारी उभी दिसली की हा थांबणार, हातातली पिशवी खाली ठेवणार आणि कमरेतून इतका वाकणार की डोक्यावरची टोपी पडावी. आमच्याकडे जपानात वाकायची सवय सगळ्यांनाच आहे, पण सासऱ्यापुढेसुद्धा कुणी एवढं वाकत नाही. पोरं त्याला ‘वाकोबा काका’ म्हणायची. मोठी माणसं म्हणायची, "बघा, कंपनीवर प्रेम असावं तर असं."

मी काही म्हणत नसे. कारखान्याच्या लाइनवर अडतीस वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्याला खोकला कधी येणार हेही मला आधी कळायचं. पण तो का वाकतो, हे मला बत्तीस वर्षं कळलं नाही. आणि मी स्वतःला चौकस समजतो!

आमची कंपनी म्हणजे तात्सुमी मोटर्स. आता त्या जागी गोदामं आहेत. फाटकाशी गिंकोचं जुनं झाड तेवढं राहिलंय, त्याच्या फळांचा वास मात्र अजून तसाच घाण आहे. मला तो वास आला की आजही घड्याळाकडे लक्ष जातं, कामाची पाळी चुकली की काय म्हणून.

तात्सुमी आधी विहिरीचे हातपंप करायची. युद्धानंतर थोरल्या मालकांनी तीनचाकी टेम्पो काढला. त्याची कीर्ती काय सांगू? वळणावर तो आडवा व्हायचा. ‘तात्सुमी घेणार असाल तर आधी ढकलणारे चार शेजारी जोडा,’ असं आमचा अख्खा मिकावा प्रांत म्हणायचा. मी लग्न ठरवायला गेलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू काय करतात?" मी छाती फुगवून म्हणालो, "तात्सुमीत मोटारी बनवतो." त्या म्हणाल्या, "बरं, बरं. मग माझ्या मुलीला घेऊन माहेरी याल तेव्हा बसनेच या."

मग हिबारी आली. हिबारी म्हणजे चंडोल. दोन दारांची, गोल डोळ्यांची, अगदी साध्या माणसाला परवडेल अशी. तिच्यासाठी थोरल्या मालकांनी कारखाना नव्यानं मांडला आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक पांढरी दोरी टांगली. चूक दिसली तर दोरी ओढायची. नुसती शंका आली तरी ओढायची. ओढली की सगळी लाइन थांबणार, दोनशे माणसं हात चोळत उभी राहणार आणि मुकादमानं धावत येऊन, ज्यानं ओढली त्याला आधी "धन्यवाद" म्हणायचं. मग पुढचं. आमचे किदो मुकादम धन्यवाद म्हणायचे खरे, पण दात उपटणाऱ्या डॉक्टरला म्हणावं तसं.

होरिबे आणि मी खड्ड्यात उभे राहून काम करायचो. गाडी डोक्यावरून सरकत यायची. तो स्टिअरिंगच्या दांड्याचा डावा नट आवळायचा, मी पुढच्या जागेवर धुराच्या नळीची पट्टी बसवायचो. आवळताना पान्यातून ‘टक्’ असा आवाज आला की नट पक्का बसला. मग नटावरून खालच्या लोखंडापर्यंत ब्रशनं रंगाची एक रेघ ओढायची. पुढे कधी नट जरासाही फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रंग ज्याचा त्याचा ठरलेला. होरिबेचा पिवळा, माझा हिरवा. कुणाचं काम कुणी केलं, ते गाडी भंगारात जाईपर्यंत गाडीच सांगणार.

माझी एक खोड सांगून ठेवतो. मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही. शेजाऱ्याचा नळ गळत असला तर मी न विचारता पाना घेऊन जातो. आमची मात्सुए म्हणते, "अहो, लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा पगार मिळत असता तर आपण माडी बांधली असती." तिचं चूक नाही.

सदुसष्ट सालच्या जूनमधली गोष्ट. त्या दिवशी सकाळपासून दोन वेळा दोरी ओढली गेली होती. किदो मुकादमांचे कान लाल झाले होते. दुपारी ऑफिसातली मुलगी चपला फटफटवत आली आणि खड्ड्यात डोकावून ओरडली, "होरिबेसान, दवाखान्यातून फोन! बाईंना आत नेलंय!"

"जा, जा, पळ!" मुकादम म्हणाले. होरिबे पाना खाली टाकून पळाला. त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला. संध्याकाळी बातमी आली, मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. दुसऱ्या दिवशी मात्सुएनं शुभप्रसंगी करतात तो लाल भात करून माझ्याबरोबर पाठवला. किदो मुकादमांनी सगळ्यांसमोर होरिबेची पाठ थोपटली. मुलीचं नाव चिझुरु ठेवलं. होरिबे पांढराफटक पडलेला होता. आम्ही हसलो. पहिलटकरीण बाई नाही, बापच दिसतोय, असं मीच म्हणालो होतो.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याचं वाकणं सुरू झालं.

आणि दोरी ओढणंही. आधी सगळ्यांत कमी दोरी ओढणारा माणूस तो. आता आठवड्यातून चार-पाच वेळा ओढायला लागला. "होरिबे, लेका, आज काय झालं?" मी विचारायचो. "हाताला शंका आली," एवढंच म्हणायचा. लोक वैतागले. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर कुणी बसेना. पण वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, आणि आमच्या भागातून निघालेल्या गाड्यांच्या तक्रारी बंद पडल्या. मग इतरही जरा शंका आली की ओढायला लागले. हळूहळू लोकांची भाषा बदलली. ‘तात्सुमी घ्या आणि नातवासाठी ठेवून जा,’ असं म्हणायला लागले. सासूबाईंनीसुद्धा हिबारी घेतली. मला सांगितलं मात्र नाही.

चौऱ्याहत्तर साली कंपनीच्या मासिकात होरिबेचा फोटो आला. बाजारात निळ्या हिबारीपुढे वाकलेला, बाजूला पिशवीतून बाहेर आलेला मुळा. खाली लिहिलं होतं, ‘आपण घडवलेल्या गाडीला वंदन करणारा कामगार.’ नव्या पोरांना तो फोटो दाखवायला लागले. मला आनंद झाला, मी दहा प्रती घेतल्या. होरिबेनं त्या दिवशी डबा उघडलाच नाही. त्याला बढती देऊ केली, ती त्यानं हात जोडून नाकारली. मला वाटलं, नम्र माणूस. असं मला बरंच काही वाटायचं.

आम्ही दोघं अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झालो. पुढच्या वर्षी कंपनीला सत्तर वर्षं झाली म्हणून जुन्या हिबारी ज्यांच्याकडे चालू आहेत त्यांना कारखान्यात बोलावलं. येणाऱ्या गाड्यांची यादी करायला म्हाताऱ्यांना बोलावलं होतं, त्यात आम्ही होतो. यादी वाचता वाचता होरिबेचं बोट एका ओळीवर थांबलं. मग तो उठला आणि म्हणाला, "त्सुगे, चल, उदोन खाऊ."

सकाळचे साडेदहा वाजले होते. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

फाटकासमोरच्या दुकानात उदोन, म्हणजे मिसोच्या रश्शातल्या जाड शेवया, पुढे आले. त्यानं जेवायच्या काड्या मोडून सुट्या केल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

"चव्वेचाळीस सतरा," तो म्हणाला. "चिझुरु झाली त्या दिवशीची गाडी. फिकी निळी. मी नट हातानं फिरवला होता, पान्यानं आवळला नव्हता. संध्याकाळी पोरीला हातात घेतलं आणि हाताला आठवलं की टक् झालंच नाही. रेघही ओढली नाही मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी गेली होती. तू लाल भात घेऊन आलास. मुकादम पाठ थोपटत होते. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. एकदा विक्री ऑफिसच्या दारापर्यंत गेलो होतो. गाडी कुठं गेली ते विचारणार होतो. म्हटलं, त्यांनी सांगितलं की ती दरीत गेली, तर? मग दिसेल त्या निळ्या हिबारीच्या पाटीवरचा आकडा बघायला लागलो. पाटी खाली असते, बंपरमागे. वाकल्याशिवाय दिसत नाही."

मला त्याचा इतका राग आला! बत्तीस वर्षं हा माणूस रोज माझ्या शेजारी हात वर करून उभा होता आणि पोटात एवढं घेऊन होता.

"मला सांगायचंस की, गाढवा!" मी ओरडलो. दुकानातली बाई बघायला लागली. "मी कोण होतो तुझा?"

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच काहीतरी केलं असतंस," तो म्हणाला. "तेच तर नको होतं. घाबरलो होतो रे मी."

"आणि आता?"

"ती यादीत आहे. तोकुशिमाहून येतेय. चालत येतेय, म्हणजे..." चालत असली म्हणून काय झालं? मधल्या वर्षांत तिनं कुणाला कुठं आपटलं असेल, कुणी नंतर नट बदलला असेल, हे दोघांनाही कळत होतं. दोघांचेही उदोन गार झाले.

त्या रविवारी अंगणात एकसष्ट हिबारी रांगेनं उभ्या होत्या. होरिबे लग्नाला घालायचा काळा सूट घालून आला होता. चव्वेचाळीस सतरा शेवटून तिसरी होती. तिच्या मालकीण ओनिशीबाई, सत्तरीपलीकडच्या, बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतपणं करायला जायच्या.

"नवी कोरी घेतली होती हो मी," त्या सांगायला लागल्या. "नऊशेच्या वर पोरं झाली हिच्या भरवशावर. रात्री-अपरात्री, बर्फात, एका बाजूला दरी. एकदाही दगा दिला नाही. आमच्याकडचा मिस्त्री म्हणतो, ‘बाई, हिच्या खाली जायची वेळच येत नाही, तेल तेवढं बदलतो.’"

होरिबेनं पाटी पाहिली. मग बाईंची परवानगी मागितली आणि तो सूट घालून तसाच जमिनीवर पालथा झाला, मग उताणा, आणि सरपटत गाडीखाली गेला. बाईंनी तोंडावर हात घेतला. मी त्याच्या बुटांकडे बघत उभा राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. बूट हलत नव्हते.

"त्सुगे," आतून आवाज आला. "खाली ये."

माझे गुडघे आधीच कामातून गेलेले. कण्हत-कुंथत मी त्याच्या शेजारी आडवा झालो. त्यानं बॅटरी धरली. डाव्या बाजूला काळं, घट्ट बसलेलं ग्रीस होतं, ते त्यानं रुमालानं पुसलं होतं. नटावरून लोखंडावर एक रेघ गेली होती. कुठेही न तुटलेली.

हिरवी. शेवटी डावीकडे शेपूट असलेली. माझा ब्रश उचलताना नेहमी डावीकडे जायचा. मुकादम त्यावरून मला चिडवायचे.

"हे तुझं आहे," होरिबे म्हणाला.

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. रेघ नसलेला नट दिसला असेल, पाना हातात असेल, टक् केलं असेल, रेघ मारली असेल, पुढची गाडी आली असेल. असं मी कितीदा केलं असेल कोण जाणे. नसती उठाठेव करायची माझी खोड. बढाई मारावी असं मनात आलंही होतं. तोंड उघडलं, आणि मग मला समजलं.

नियम काय होता? दुसऱ्याचा नट सुटलेला दिसला तर दोरी ओढायची. गुपचूप आवळायचा नाही. का, ते थोरल्या मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: ज्याचं चुकलं त्याला कळलं पाहिजे. त्या दिवशी दोन वेळा दोरी ओढून झाली होती, मुकादम तापलेले होते, होरिबेची बायको दवाखान्यात होती. मी त्याच्यावर मेहेरबानी केली असणार. आणि त्या मेहेरबानीपायी माझा मित्र बत्तीस वर्षं रस्त्यारस्त्यावर वाकत फिरला.

"मी दोरी ओढायला हवी होती," मी म्हणालो.

"मुकादमांच्या शिव्या बसल्या असत्या मला."

"बसू द्यायच्या होत्या! एका दिवसात संपल्या असत्या!" माझा आवाज फाटला. गाडीखाली पडून रडणं फार अवघड असतं, पाणी कानात जातं.

ग्रीसनं माखलेला हात त्यानं माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही दोघं म्हातारे त्या रेघेकडे बघत तसेच पडून राहिलो.

"अहो, काही बिघडलंय का?" ओनिशीबाईंनी खाली वाकून विचारलं.

"नाही बाई," होरिबे म्हणाला. "घट्ट आहे."

बाहेर आल्यावर त्यानं सूट झटकला, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि माझ्यापुढे वाकला. गाड्यांपुढे वाकायचा तसाच, टोपी पडेपर्यंत. मला ते सहन होईना. मीही वाकलो, त्याच्याहून खाली. ओनिशीबाईंना काहीच कळलं नाही, पण बिचाऱ्या त्याही वाकल्या.

त्यानंतर होरिबे अकरा वर्षं जगला. निळ्या हिबारी रस्त्यात दिसायच्या, फार थोड्या, पण दिसायच्या. तो सरळ चालत जायचा, एखादं गाणं गुणगुणत. मागे थांबायचो तो मी. अडतीस वर्षांत अशा किती हिरव्या रेघा मी दुसऱ्यांच्या नटांवर ओढल्या, आणि त्यांतल्या कुणाला आपला नट आठवून झोप लागत नसेल, मला काय ठाऊक? आता गावात हिबारी उरलेली नाही. तरी जुनी कसलीही तात्सुमी उभी दिसली की मी पिशवी खाली ठेवतो. पोरं मला वाकोबा आजोबा म्हणतात.