अम्मीच्या डोक्यावरचं खोबरेल

दोन वर्षं मी माझ्या आईला विसरभोळी ठरवत होतो. हे इतकं सरळ लिहिता आलं, याचंच मला आज हसू येतंय.

अम्मी रत्नागिरीहून आमच्याकडे सौदीत, दम्मामला राहायला आली तेव्हा ठणठणीत होती. विसरायचो मी. तिच्या गोळ्या आणणं, शुक्रवारी समुद्रावर नेणं, मामूला फोन लावून देणं. तिनं विचारलं की मी म्हणायचो, "सांगितलं होतं ना अम्मी, पुढच्या आठवड्यात. विसरलीस." ती स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची. फार सोयीचं होतं ते.

मग एक दिवस तीच म्हणाली, "माझं डोकं तपासून घे. बिघडत चाललं असेल तर मला गावाला पाठव. तुमच्या बोकांडी नको."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. दवाखान्यात मेंदूच्या तपासणीची अपॉइंटमेंट घेतली.

या तपासणीत डोक्याला वायर जोडलेल्या चकत्या चिकटवून मेंदूतली वीज पडद्यावर बघतात. लाटा मंदावल्या असतील तर विसरण्याचा आजार लवकर ओळखायला मदत होते. दवाखान्यातून फोनवर मला बजावलं होतं, डोकं धुऊन आणा, तेल लावू नका. अम्मीनं मात्र डॉक्टरांना डोकं थंड मिळावं म्हणून खोबरेलाची अर्धी बाटली जिरवली होती.

तपासणीवाल्या केरळच्या सिस्टरनं पहिली चकती लावली, ती घसरून कानावर आली. दुसरी थेट गळ्यात.

"अम्मा, ये तो पूरा नारियल का बाग है! किसी ने बताया नहीं?"

"सांगितलं होतं ना तुला, अम्मी," माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"असशील सांगितलं," अम्मी खाली बघत म्हणाली. "बघ, हेपण गेलं डोक्यातून."

"भूल गईं?" म्हणत सिस्टरनं ते फॉर्मवर लिहायला पेन उचललं.

"मत लिखो!" मी ओरडलोच. "मैंने नहीं बताया था. मीच विसरतो आणि हिच्यावर ढकलतो. गोळ्या, समुद्र, मामूचा फोन, सगळं!"

अम्मी बघतच राहिली. "आणि खिरीत मीठ पडलं ते?"

"ते तुझंच."

"मेल्या!" म्हणत तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि अशी हसत सुटली की कानावरची चकतीही खाली पडली. मीही हसत सुटलो, पन्नाशीचा बाप्या, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत.

तिथल्याच बेसिनवर मी तिचं डोकं तीनदा शाम्पूनं धुतलं. मग तपासणी. डोळे मिटून स्वस्थ पडायचं होतं, पण तिला मधेच काहीतरी आठवे, खांदे गदगदत आणि पडद्यावरच्या रेघा सैरावैरा पळत.

"अम्मा, हँसना नहीं, मशीन पागल हो रहा है!"

रिपोर्ट यायला आठवडा होता. गाडीत बसताना मी भीतभीत विचारलं, "गावाला जायचंय का?"

"आता कशाला?" पट्टा ओढत ती म्हणाली. "या दोन वर्षांत माझ्यावर काय काय ढकललंस, ते सगळं विचारायचंय तुला. पहिल्या रमजानपासून सुरू कर."