चांद्याच्या गळ्यातला बिल्ला

रवळूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उचगावात तेव्हा कोंबडेही गप्प असायचे. त्याची बायको अंजनी चुलीवर कालची आमटी ऊन करायची, भाकरी फडक्यात बांधून द्यायची. ते गाठोडं काखेत मारून रवळू चालू लागायचा, तो थेट बेळगावच्या स्टेशनापर्यंत. मालधक्क्यावर त्याचं काम पोती उचलण्याचं. वॅगनीतून पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून खाली उतरायचं, थप्पीला लावायचं. थप्पी वाकडी झाली तर उतरवून पुन्हा लावायची, आणि त्या दुसऱ्या कष्टाचा मोबदला कोणी देत नाही. रवळूची थप्पी कधी उतरवावी लागली नाही.

सन सत्तावीसच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा धरला. पोतं पाठीवर बसलं की खांद्यातून कळ निघायची ती कोपरापर्यंत. त्याने पोतं डाव्या अंगाला घ्यायला सुरुवात केली. मुकादमाच्या ते नजरेत आलं. जड माल आला की तो दुसऱ्या माणसाला हाक मारू लागला. धक्क्यावर हमालाला कामावरून काढत नाहीत. नुसती हाक मारायची बंद करतात.

त्याच सुमारास बेळगावच्या लष्करी कॅम्पातली एक जागा रिकामी होणार असल्याचं त्याच्या कानावर आलं. पलटणीच्या जनावरांसाठी तिथे गवताच्या मोठाल्या गंजी रचलेल्या असत. त्यांचा म्हातारा राखणदार दसऱ्याला गावी जायचा होता. नोकरी कायमची, पगार महिन्याचा, पाठीवर ओझं नाही. मात्र जागा जुन्या शिपायालाच मिळायची, आणि त्यातही समुद्रापार लढाईवर जाऊन आलेल्याला आधी.

रवळू जाऊन आला होता. पहिल्या महायुद्धात तो पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला उतरला. तीन वर्षं नदीकाठच्या चिखलात काढली. गाळात रुतलेल्या बोटी दोर लावून ओढल्या, जखमी माणसं पाठीवरून आणली, खंदक खणले. त्याविषयी तो फारसं बोलायचा नाही. घरात कुणी खजूर आणला तर तो तिथून उठून जायचा. बाकी काही नाही.

डिस्चार्जचा कागद त्याने पत्र्याच्या नळीत घालून आढ्याला खोचून ठेवला होता. त्याला वाचता येत नव्हतं, आणि आजवर तो कागद कुणी मागितलाही नव्हता. आता तो घेऊन रवळू कॅम्पातल्या रेकॉर्डच्या कचेरीत गेला. तिथले हेडक्लार्क शहापूरचे होते. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी कागद दोनदा वाचला.

"तू बसऱ्याला गेला होतास म्हणतोस?"

"व्हय साहेब. तीन वरसं."

"इथं लिहिलंय, समुद्रापार नोकरी नाही. पदकं नाहीत. सगळी नोकरी डेपोत."

रवळूला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद वाचताहेत. पण त्यांनी वाचून दाखवलेला नंबर त्याचाच होता, आणि खाली अंगठाही त्याचाच. मग त्याला आठवलं. परतताना तो तापाने फणफणला होता. पलटण पुढे गेली, त्याला मुंबईला इस्पितळात ठेवलं, आणि तिथूनच कुठल्याशा डेपोत नाव कापून घरी पाठवलं. डेपोतल्या कारकुनाने समोर होतं तेवढंच लिहिलं होतं.

"मग आता?"

"आता पुरावा. तुझ्या कंपनीतले दोघे साक्षीला आण."

"शामू खानापुरात व्हता, त्यो गेला. बाकीचे कुटं हायती काय ठावं न्हाय."

"मग पदकं दाखव. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. ते दिसलं की मी वर लिहितो. नुसत्या तोंडी सांगण्यावर लिहिलं तर कागद जसाच्या तसा परत येतो. मला लिहायचा कंटाळा नाही रे, पण फुकट लिहायचा आहे."

ते बोलणं रवळूला पटलं. फुकटच्या कष्टाचा त्यालाही कंटाळा होता.

पदकं, म्हणजे गावच्या भाषेत बिल्ले, त्याला मिळाले होते. नाव कापून आल्यावर तीन वर्षांनी टपालाने दोन बिल्ले घरी आले. एक चांदीचा, एक तांब्यासारखा तांबूस. रवळूच्या आईने, राजाबाईने, जोतिबाला बोलून ठेवलं होतं की पोरगा जिता आला तर सरकारची जी चांदी हाताला लागेल ती देवाची. तिने चांदीचा बिल्ला सोनाराकडे नेला, आटवला आणि त्याचा जोतिबाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवला. सोनाराने कडेवरची अक्षरं पाहिली असतील नसतील. चांदी खरी आहे एवढं मात्र त्याने पाहिलं.

तांबूस बिल्ला रवळूने स्वतः दिला होता. त्यांच्याकडे चांद्या नावाचा बैल होता. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. रवळू लढाईवर असताना घरचं औत त्याने ओढलं. जोडीचा बैल मेला तरी दुसऱ्याच्या बैलाबरोबर जुंपून ओढलं. बिल्ले आले त्या वर्षीच्या बेंदराच्या सणाला रवळूने चांद्याला धुतलं, शिंगं रंगवली आणि बिल्ल्याच्या कडीत दोरी ओवून तो त्याच्या गळ्यात बांधला. आई म्हणाली, "अरं, सरकारनं तुला दिल्यालं ते!" रवळू म्हणाला, "मी तिकडं असताना हितलं काम ह्यानं केलं. ह्येला कुणी काय दिलं?"

आणि पुढे तो बैलच विकला गेला. रवळू धक्क्यावर गेल्यावर शेत धाकटा भाऊ भरमू बघायचा. त्याने नवी तरणी जोडी घेताना चांद्याला संकेश्वरच्या बाजारात विकलं.

कचेरीतून रवळू तडक भरमूकडे गेला.

"इकलास ते इकलास, बिल्ल्यासकट इकलास?"

"बेंदराला बांधल्यालं गळ्यातनं काढायचं न्हाय, ही आपल्या घरची रीत हाय का न्हाय? तूच सांगतोस की दर साली."

रीत रवळूचीच होती.

"कुणाला इकलास?"

"निपाणीचा गाडीवान हाय. तम्मण्णा. तंबाखू वढतो. मिशा अशा, आन् कानडीत शिव्या देतो."

एवढ्या खुणेवर रवळू निपाणीला गेला. तंबाखूच्या वखारींच्या रांगेत शिरलं की डोळ्यांना पाणी येतं आणि शिंका थांबत नाहीत. शिंकत शिंकतच त्याने विचारलं, आणि तिसऱ्या वखारीशी त्याला गाडी दिसली. गाडीच्या सावलीत चांद्या उभा होता. बरगड्या दिसत होत्या, एका डोळ्यात फूल पडलं होतं. गळ्यात बिल्ला होता. रवळू जवळ गेला तसा बैलाने मान लांब करून त्याचा दुखरा खांदा चाटायला सुरुवात केली. औत सुटल्यावर घामाचं मीठ चाटायची त्याची जुनी सवय.

"ए, कोण रे तू? बैलाला काय करतोस?" तम्मण्णा वखारीतून ओरडत आला. मिशा भरमूने सांगितल्या तशाच.

रवळूने सगळं सांगितलं. तम्मण्णाची बायको बायाक्का गाडीखाली भाकरी खात बसली होती. ती उठून आली आणि बिल्ल्यावर हात ठेवून उभी राहिली.

"हे सरकारचं म्हणतोस? आमी तर देवी म्हणतो. पंख हायत बघ तिला. दर अमावाशेला मी कुंकू लावते. देवी आल्यापासून आमची गाडी कधी उलटली नाही."

बिल्ल्यावर पंख पसरलेली बाई होती खरी. कुंकवाच्या आणि तेलाच्या थराखाली आता तिचं तोंड दिसत नव्हतं. कडेवरची अक्षरं तर मुळीच नाही.

तम्मण्णा म्हणाला, "घे सोडून, अप्पा. तुझंच आहे तर."

रवळूने दोरीच्या गाठीला हात घातला आणि मागे घेतला.

"न्हाय. बेंदराला बांधल्यालं हाय. मला सोडता येत न्हाय."

तम्मण्णाने त्याच्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. "हा येडा आहे का शहाणा आहे गं?"

"तुमच्यापेक्षा शहाणा," बायाक्का म्हणाली. "देवी सोडायला तुमी निघालता."

मग तम्मण्णा म्हणाला, "बिल्ला जात नसेल तर बैल जाईल. मला चार दिवसांनी शहापूरच्या व्यापाऱ्याकडं माल घेऊन बेळगावला यायचंच आहे. येताना तुझ्या साहेबाला दाखवू. पण माझा गडी पळालाय. भरणं-उतरणं तू करायचं."

"करतो."

"खांदा दुखतो म्हणालास नव्हं?"

"दुखतो. करतो."

गाडी त्याने भरली. तंबाखूचे बोद, म्हणजे बांधलेले मोठे गठ्ठे, फुगलेले आणि निसरडे असतात. धरायला कोपरा सापडत नाही. वजन पुढे गेलं तर जू बैलांच्या मानेवर बसतं, मागे गेलं तर वर उचलून गळा आवळतं. रवळूने तीनदा जू हलवून बघितलं, आणि शेवटचा बोद चढवायला नकार दिला.

"चांद्याला एवढं बास."

"बैल माझा आहे," तम्मण्णा म्हणाला.

"माल चढवनारा मी हाय."

तो बोद खालीच राहिला. तम्मण्णाने कानडीत एक लांबलचक शिवी दिली आणि गाडी हाकली.

संकेश्वर, हत्तरगी, मग वंटमुरीचा चढ. चढावर रवळू गाडीत बसला नाही. चाकाच्या आऱ्यांना डावा खांदा लावून तो बैलांबरोबर ढकलत राहिला. मुक्कामाला तम्मण्णाने विचारलं, "बसऱ्यालाबी असंच ढकलायचास?"

"तिकडं वढायचो," रवळू म्हणाला. तम्मण्णा इतका हसला की त्याच्या हातातली चिलीम विझली.

काकतीच्या ओढ्यावर रवळूने भिजवलेली चिंच बिल्ल्याच्या कडेला चोळली. बैलाचा गळा एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने घासायचं. देवीच्या तोंडाला त्याने हात लावला नाही, बायाक्काला तसा शब्द दिला होता. फक्त कडा घासली. हळूहळू कुंकू सुटलं, आणि खाली बारीक, ठोकलेली अक्षरं उजळली. ती दोघांनाही वाचता येत नव्हती.

माल शहापुरात उतरवून गाडी कॅम्पात आली. कचेरीच्या फाटकावर पहारेकऱ्याने बंदूक आडवी धरली.

"बैल आत न्यायचा न्हाय."

"साहेबास्नी भाईर बोलवा मग."

"बैलासाठी साहेब भाईर येत्यात व्हय रं?"

पण कलकलाट ऐकून हेडक्लार्क व्हरांड्यात आले. रवळूला त्यांनी ओळखलं. बैलाकडे पाहिलं, मग गळ्यातल्या बिल्ल्याकडे.

"अरे, हा काढून आणायचा की!"

"बेंदराला बांधलाय, साहेब."

हेडक्लार्क शहापूरचे, त्यांनाही घरी बेंदूर होता. धोतराचा सोगा आवरून ते चांद्याच्या मानेखाली उकिडवे बसले. चांद्याने त्यांच्या टोपीवर एक लांब श्वास सोडला. पहारेकरी तोंड फिरवून हसला.

"नंबर सांग तुझा," ते खालून म्हणाले.

रवळूच्या टाचा आपोआप जुळल्या. दुखरा खांदा सरळ झाला. पलटणीत सांगायचा तसा, एकेक आकडा तोडून त्याने नंबर सांगितला, आणि प्रत्येक आकड्याबरोबर हेडक्लार्कांचं बोट बिल्ल्याच्या कडेवरून सरकत गेलं. शेवटच्या आकड्याला ते थांबले. पुढचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. रवळूचं नाव, बापाच्या नावासकट.

तम्मण्णा म्हणाला, "देवीनं नाव लिहून ठेवलंय की तुझं!"

हेडक्लार्क गुडघ्यावर हात टेकून उठले. "हा एक झाला. याच्याबरोबर चांदीचाही येतो. तो कुठं आहे?"

"देव्हाऱ्यात, साहेब. त्येचा जोतिबा झालाय."

"बरं बरं. बैल आणलास तेवढा पुरे. आता देवाला घेऊन येऊ नकोस. या एकावरून दुसरा आपोआप सापडेल."

त्यांनी त्याच दिवशी वर लिहिलं. वरच्या यादीत रवळूचं नाव निघालं. बसऱ्याला कधी उतरला आणि परतीच्या बोटीत कधी चढला तेही निघालं. दसऱ्याच्या आधी नवा कागद आला. समुद्रापार नोकरी, तीन वर्षं. पदकं, दोन. हेडक्लार्कांनी ते त्याला वाचून दाखवलं. रवळूने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, आणि त्यांनी वाचलं.

दसऱ्यानंतर तो गवताच्या गंजीवर रुजू झाला. चारला उठणं मात्र सुटलं नाही. पहाटे जाऊन तो आदल्या दिवशीच्या गंजीभोवती फिरायचा, कुठे कललेली दिसली तर मजुरांकडून उतरवून पुन्हा रचून घ्यायचा. मजूर कुरकुरायचे. तो म्हणायचा, "पावसानं भिजली तर आपल्यालाच सगळी पुन्हा रचावी लागंल."

पहिल्या पगारातून त्याने घरात काही आणलं नाही. दुसऱ्यातूनही नाही. उन्हाळा लागायच्या आत एका रविवारी तो निपाणीला गेला, आणि तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला चांद्याला दाव्याने धरून, पावलाशी पाऊल जुळवत उचगावात शिरला. तम्मण्णाने आधी पैसे घ्यायला नकार दिला होता. रवळू म्हणाला, फुकटचा बैल माझ्या दाराला उभा राहायचा नाही. तेव्हा त्याने घेतले. येताना बायाक्काने कुंकवाची पुडी बांधून दिली.

अंजनी दारात उभी होती. तिने बैलाच्या बरगड्या बघितल्या, डोळ्यातलं फूल बघितलं.

"आवं, आता ह्यो कुठल्या कामाला यायचा? कशाला आणलासा?"

"त्येचं काम झालंय," रवळू म्हणाला. "आता बसून खाऊ दे."

तो जुन्या दावणीला चांद्याला बांधायला गेला. पण चांद्याने दावं ओढून घेतलं आणि आपल्या जुन्या जागेवर, भिंतीच्या अंगाला, स्वतःच जाऊन उभा राहिला. अंजनी पाण्याची बादली घेऊन आली. पुडीतलं कुंकू बोटावर घेऊन तिने आधी बैलाच्या कपाळाला लावलं, आणि मग गळ्यातल्या पंखांच्या बाईला.