बोल्टवरचा नंबर

मर्ल क्लिंगेनस्मिथ गेला, तेव्हा त्याच्या बायकोला, आर्डिथला, रडण्याआधी राग आला. गन क्लबातले पुरुष चाळीस वर्षं एकच विनोद उगाळत आले होते: "मी मेलो की बायको माझ्या बंदुका विकणार, आणि तेही मी तिला थापा मारून सांगितलेल्या भावाने!" सगळे पोट धरून हसायचे, बायका कॉफी ओतत उभ्या असायच्या. मर्लला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती, तिथेही एका महाभागाने तो विनोद सांगितलाच. आर्डिथ समोर बसलेली. अरे, माती तरी सुकू द्यायची होती.

मुळात मर्लला त्या बंदुकांचे भाव आर्डिथच सांगायची. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं सेक्रेटरी होती ती. कागद म्हणजे तिचा हातखंडा. घराच्या तळघरातल्या तिजोरीत चार मशीनगन होत्या, चारही कायदेशीर. असली बंदूक नावावर करायची म्हणजे सरकारकडे अर्ज, फोटो, दहा बोटांचे ठसे दोन-दोन कार्डांवर आणि मग आठ-दहा महिने वाट बघत बसायचं. अर्ज आर्डिथ टाइप करायची. मर्लने जन्मभर लेथवर काम करून बोटं इतकी झिजवली होती की ठसे उमटेनात; तीनदा कार्डं परत आली. शेवटी तिने आठवडाभर त्याच्या हातांना लोशन चोळलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक बोट स्वतः धरून शाईवरून फिरवलं. "हात सैल सोड," ती सांगायची. तो कधीच सोडायचा नाही.

चारांतली एक तिच्या वडिलांची होती. क्लेअर शायरी, पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धावरून येताना त्याने ती जर्मन बंदूक पिशवीत घालून आणली आणि कोंबड्यांच्या दाण्याच्या पेटीत ठेवून दिली. अडुसष्ट साली सरकारने महिनाभर मुभा दिली, घरात असलं काही असेल तर नोंदवा, आम्ही काही विचारणार नाही. क्लेअरला लिहायचा कंटाळा, म्हणून फॉर्म भरला चौदा वर्षांच्या आर्डिथने. पुढे तो थकला तेव्हा बंदूक जावयाच्या नावावर केली. "पोरीला काय करायचीय बंदूक?" म्हणाला. तो अर्जही पोरीनेच टाइप केला, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. त्या गप्प बसण्याचा राग पासष्टाव्या वर्षीही तिच्या पोटात तसाच होता. आता मर्लची वारस ती. बाकीच्या तीन बंदुका गेल्या तरी तिला चालणार होतं. बापाची मात्र तिला स्वतःच्या नावावर हवी होती.

एप्रिलात ड्वेन रुसनाक आला. परवाना असलेला बंदुकांचा दुकानदार, क्लबचा अध्यक्ष, मर्लचा जिवलग वगैरे. हातात बायकोने केलेल्या कोबी-नूडल्सचा ट्रे.

"आर्डिथ, तुला घाबरवायचं नाहीये मला," तो म्हणाला. म्हणजे घाबरवायलाच आला होता. "पण बंदुका मर्लच्या नावावर, आणि मर्ल तर गेला. तू इथे बसल्या बसल्या गुन्हा करतेयस. आजच घेऊन जातो, माझ्याकडे नीट राहतील."

"मृत्युपत्राप्रमाणे सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. वारसाचा अर्ज मंजूर होईपर्यंत त्या माझ्याच ताब्यात राहायच्या. मंजुरीआधी तुझ्या हातात दिल्या तर तो गुन्हा. तुला हे माहीत नाही, की मला माहीत नसेल असं वाटलं?"

ड्वेन ओशाळल्यासारखं हसला. "बरं बाई, तू शहाणी. निदान नंबर तरी ताडून बघू."

तिने तळघरात नेलं, कागद काढले. तीन बंदुकांचे नंबर बरोबर निघाले. चौथीपाशी, म्हणजे क्लेअरच्या बंदुकीपाशी, ड्वेन बराच वेळ वाकून राहिला, तेलाच्या चिंधीने बंदुकीचा मुख्य सांगाडा पुसला, आणि लॉटरी लागल्यासारख्या आवाजात म्हणाला, "कागदावरचा नंबर या बंदुकीचा नाहीच. हा तर बोल्टवरचा आहे."

आर्डिथने कागद बंदुकीशेजारी धरून आकडे ताडले. नोंद होते ती सांगाड्यावरच्या नंबराची. बोल्ट हा आत पुढे-मागे सरकणारा सुटा भाग. लढाईत कुणीतरी मोडका बोल्ट काढून दुसऱ्या बंदुकीचा बसवला असणार. सांगाड्यावर मळ साचलेला, बोल्टवरचे आकडे लखलखीत. चौदा वर्षांच्या पोरीने दिसले ते उतरवले. पुढे पन्नास वर्षं कुणी ताडून बघितलं नाही. मर्लनेसुद्धा नाही, कारण कागद आर्डिथने केलाय म्हणजे तो बरोबरच.

"सरकारच्या लेखी ही बंदूक नोंदलेलीच नाही," ड्वेन हळूच म्हणाला. "गॅस-कटरने कापून तुकडे करतील. पण हे आपल्या दोघांत राहू दे. माझ्याकडे मशीन आहे. इथला नंबर घासतो, कागदावरचा ठोकतो. मग चारही मला विकून टाक आणि सुखाने झोप. तू कशाला या भानगडीत पडतेस?"

आधी तिला स्वतःचा राग आला होता. आता तो सगळाच्या सगळा योग्य जागी, ड्वेनवर गेला. हा माणूस तिच्या घरात, तिच्या बापाच्या बंदुकीला कानस लावायची भाषा करत होता, आणि वर उपकार केल्याचा आव.

"थांब, तुझा ट्रे देते," ती म्हणाली. नूडल्स भांड्यात काढल्या, ट्रे धुतला, पुसला आणि त्याच्या हातात देऊन दार उघडं धरलं.

ती सरकारला खरं कळवणार म्हटल्यावर धाकटी बहीण व्हर्ना फोनवर कावली. "पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तुलाच आत्ता उमाळा आला? घेऊन जातील गं बाबाची बंदूक!"

"नेऊ देत. बाबाने स्वतःहून नोंदवली ना? चोरून ठेवायची असती तर दाण्याची पेटी काय वाईट होती?"

तिने नोंदणी ऑफिसला पत्र टाइप केलं. चूक माझी, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तो बोल्ट अजून त्याच बंदुकीत आहे, फोटो जोडले आहेत, माझ्या अक्षरातल्या फॉर्मची प्रतही. शेवटी एक वाक्य घातलं आणि पत्र रजिस्टर्ड डाकेने धाडलं.

उन्हाळा सरला. पत्राची बातमी गावात फुटली होती. ड्वेनच्या दुकानात तिच्या नावाने हसणं चालू होतं: म्हातारीने बापाची बंदूक आपल्या हाताने घालवली. किराणा आणायला गेलं तरी कुणी ना कुणी कीव केल्यासारखं बघायचं. कीव! नंबर घासून द्यायला निघालेला उजळ माथ्याने फिरतोय, आणि खरं बोलणारी बाई खुळी. संताप संताप व्हायचा तिचा. रोज टपालाची गाडी आली की ती आधी बंद तिजोरीकडे बघून यायची, मग बाहेर जायची.

ऑक्टोबरात उत्तर आलं. नोंद दुरुस्त केली आहे. वारसाचा अर्ज, फोटो आणि ठशांची दोन कार्डं पाठवावीत.

शनिवारी सकाळी ड्वेनचं दुकान भरलेलं असतं. आर्डिथ सरळ काउंटरपाशी गेली आणि कोरी कार्डं ठेवली. "ठसे घ्यायचेत. 'ठसे घेतले जातील' म्हणून पाटी लावलीयस."

"कुणाचे?"

"माझे. बंदूक माझ्या नावावर होतेय."

मागची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. तिने आपल्या पत्राची प्रत काढून शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. ड्वेनने वाचलं: *एका परवानाधारक दुकानदाराने नंबर घासून बदलून देण्याची तयारी दाखवली, मी ती नाकारली.*

"नाव नाही घातलं," ती त्याला ऐकू जाईल इतपतच बोलली. "पत्ता मात्र पाठ झालाय मला त्या ऑफिसचा."

ड्वेनने शाईची पट्टी काढली. पहिला अंगठा कसाबसा उमटला. तर्जनीचा ठसा पसरला, कार्ड वाया गेलं. ड्वेनने तिचं बोट गच्च आवळून धरलं होतं. आर्डिथने पर्समधून दुसरं कार्ड काढलं. ती सहा घेऊन आली होती.

"हात सैल सोड, ड्वेन," ती म्हणाली. "ठसे माझे आहेत."